रांगेतली पाचवी बाई

आमच्याकडे कुणी नवीन पाहुणे आले की चहा होईपर्यंत मी त्यांना एक खेळ खेळायला लावते. एक ते शंभरमधला मनात येईल तो आकडा सांगा, एवढंच म्हणते. माणसं क्षणभर छताकडे बघतात आणि सदतीस सांगतात, किंवा त्र्याहत्तर, नाहीतर सात. बायका बहुतेक वेळा मुलांच्या वाढदिवसाची तारीख सांगतात. दहा किंवा पन्नास कुणी म्हणत नाही, कारण ते आकडे मनात आल्यासारखे वाटत नाहीत. आमचे हे या खेळाला इतके सरावलेत की चहा गाळता गाळता पाहुण्यांच्या आधी आतूनच उत्तर सांगून मोकळे होतात.

खेळ म्हणून ठीक आहे, पण या एका गोष्टीपायी मी नोकरीत बरीच डोकेफोड केली आहे. मनात येईल तो आकडा माणसाला सांगता येत नाही, आणि संगणकाला तर मनच नसतं. मग जो आकडा कुणालाही आधी ओळखता येणार नाही, तो आणायचा कुठून? आज तुमच्या फोनवर बँकेचा ओटीपी टुणकन येतो, तेव्हा हे काम कुठेतरी कुणीतरी केलेलं असतं. मी ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केलं, सिल्वासाजवळच्या मसाटमधल्या एका तांब्याच्या तारेच्या कारखान्यात. माझ्यावर ती वेळ आली ती सुनंदा नावाच्या एका बाईमुळे.

मी नाशिकची. सिल्वासाला नोकरी म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला होता, ते भारतातच आहे ना. आमच्या कारखान्यात पंख्यांच्या आणि पंपांच्या वायंडिंगची तार बनायची. मी ईडीपीत होते. संगणकाच्या खात्याला तेव्हा सगळीकडे असंच म्हणत. वरच्या मजल्यावर एक युनिक्सचं मशीन, त्याला जोडलेले काही टर्मिनल, एक खडखडणारा प्रिंटर आणि कारखान्यातला एकुलता एक एसी. आमच्या खोलीत चपला काढून यायचं, असा नियम होता. तो धुळीसाठी होता, पण काही जण आत येताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत, तेव्हा धूळ बाजूलाच राहिली. पगार संगणक करतो, रजा संगणक मोजतो आणि तो चुकत नाही, असा सगळ्यांचा ठाम समज होता. मला त्याचा आनंदच होता, कारण त्या मानातला थोडा मान मलाही मिळायचा.

लोकांना पासवर्ड देणं हे माझं एक काम. स्वतःच्या मनाचा ठेवा म्हटलं की स्टोअरचे प्रमुख कुलदैवताचं नाव ठेवत आणि अकाउंट्सचे प्रमुख मोठ्या मुलीचं. ते सगळ्या कारखान्याला माहीत, म्हणून मी त्यांना बदलायला लावला, तर त्यांनी धाकट्या मुलीचं ठेवलं. त्यांना दोनच मुली होत्या. पुढे काय करायचं ते त्यांनी मलाच विचारलं.

पण मला सांगायचं आहे ते गेटबद्दल.

तांबं म्हणजे मोह पाडणारी वस्तू. हातभर तार डब्यात घातली तरी बाहेर तिला गिऱ्हाईक असतं. म्हणून पाळी सुटताना झडती होई. सगळ्यांची घ्यायची तर तास जातो आणि लोकांच्या जीपगाड्या चुकतात. थोड्यांची घ्यायची तर ते थोडे निवडायचे कुणी? गेटवरचे लोक निवडत होते, तेव्हा ज्याचं त्यांच्याशी वाजलं तो रोज बाजूला काढला जाई. त्यावरून एकदा काम बंद पडलं. मग मुंबईच्या मुख्य ऑफिसने तोडगा काढला की निवड संगणक करेल. एक छोटा संगणक गेटवरच्या केबिनमध्ये आला. मुंबईच्याच एका पार्टीने त्यात प्रोग्रॅम घालून दिला. तो चालवणं सोपं होतं. रांगेतलं एकेक माणूस पुढे आलं की हवालदाराने एक बटण दाबायचं. पडद्यावर 'जाऊ द्या' आलं तर माणूस बाहेर. टूं असा आवाज झाला तर बाजूला, कापडी पडद्यामागे झडतीला.

गेटवर होते रावजीभाई हवालदार, वापीकडचे. त्यांनी त्या संगणकावर शिवलेलं आच्छादन घातलं, शेजारी गणपतीची तसबीर ठेवली आणि पाळी संपली की ते तो बंद करून नीट झाकून ठेवू लागले. पुढच्या पाळीला उदबत्ती ओवाळून पुन्हा चालू. मी त्यांना एकदा म्हटलं की दिवसभर चालू ठेवला तरी चालेल. ते म्हणाले, "मशीनने पण आराम जोईए ने, बेन." यंत्रालाही विश्रांती हवीच, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा फार गोड वाटलं होतं.

बायकांची रांग आधी सुटे. सुरुवातीला सगळ्यांना मजा वाटली. टूं झालं की मागच्या हसत. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण टूं बहुतेक रोज एकाच बाईवर होत होतं.

सुनंदा पॅकिंगला होती, कंत्राटदाराकडची. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडची, पस्तिशीतली, नवरा नाही, मुलगी गावी आईकडे शिकायला. ती आणि तिच्याच भागातल्या चौघी जणी राखोलीला एका खोलीत राहत. पाचजणींचं टेबल दरवाजाजवळ, त्यामुळे पाळी सुटली की त्यांचाच घोळका रांगेत सगळ्यात पुढे. गेटबाहेर जीप उभी असे. ज्या आधी पोचत त्या मागे राहिलेलीसाठी जागा धरत.

पहिले काही दिवस त्यांनी सुनंदासाठी जागा धरली. पण झडतीत काही सापडत नसूनही बाई रोज पकडली जाते, म्हटल्यावर लोक बोलायला लागले. गेटवरच्या माणसाने निवडलं असतं तर त्याचा डाव आहे असं म्हणता आलं असतं. हे तर मशीन. आणि मशीन चुकत नाही. मग मशीनला काहीतरी दिसत असणार, आज ना उद्या सापडेलच. हे तिच्या खोलीतल्या बायकाही मानू लागल्या. त्या चौघींतली शोभा तिची जवळची मैत्रीण, तिनेच सुनंदाला गावाहून इथे आणलं होतं. त्या शोभाने आपल्या पत्र्याच्या पेटीला कुलूप लावलं. मग जीपमध्ये जागा धरणंही बंद झालं. सुनंदा पडद्यामागून बाहेर येई तोवर जीप भरून गेलेली असे, आणि ती राखोलीच्या रस्त्याने चालत निघे. ती पाठमोरी आकृती मला माझ्या खिडकीतून दिसायची.

एक दिवस ती वर आली. चपला काढून दारातच उभी राहिली.

"ताई, तुमना मशीनले मनं नाव कोनी सांगं?"

मी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. मी समजावलं की त्या मशीनला कुणाचंही नाव माहीत नाही, ते फक्त चिठ्ठ्या उचलल्यासारखं करतं. तिने ऐकून घेतलं.

"मंग ते रोज मालेच कसं वळखस?"

 योगायोग, असं मी म्हणाले. तो शब्द तिच्या काही कामाचा नाही हे मला म्हणतानाच कळलं, आणि मला स्वतःचाच राग आला.

त्याच आठवड्यात आमचे पर्सोनेलचे देशमुख साहेब माझ्याशी बोलले. पुण्याचे, सज्जन माणूस. कामगारांशी अरे-तुरेने कधी बोलले नाहीत. तांब्याची घट वाढत होती आणि मुंबईहून त्यांना रोज फोन येत होते. त्यांनी ठरवलं होतं की पोलीस नको, बभ्रा नको, कंत्राटदाराला सांगायचं की एक तारखेपासून या बाईला आणू नका. यात ते तिच्यावर उपकार करताहेत असंच त्यांना मनापासून वाटत होतं. मी म्हटलं, साहेब, तिच्याकडे एकदाही काही सापडलेलं नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "वैद्यबाई, मशीनला कुणाशी वैर असायचं कारण नाही. म्हणून तर आपण ते आणलं."

एक तारीख जवळ आली होती. नोकरी गेली असती तर सुनंदा दुसरीकडे मिळवू शकली असती, कारखाने भरपूर होते. पण चोर म्हणून काढलेली बाई ही बातमी तिच्या आधी साक्रीला पोचली असती, तिच्या मुलीच्या शाळेपर्यंत. मला रात्रंदिवस तेच दिसत होतं.

मी पाळी सुटायच्या वेळेला गेटवर जाऊन उभी राहू लागले. पहिल्या दिवशी सुनंदावर टूं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शोभा तापाने घरी होती. त्या दिवशी सुनंदा सुटली आणि तिच्या मागच्या, तार रिळांवर गुंडाळणाऱ्या स्पूल विभागातल्या एका मुलीवर टूं झालं. मागून कुणीतरी म्हणालंच, आज बाई रिकाम्या हाताने निघाली वाटतं. सुनंदाने मान वर केली नाही.

माझ्या डोक्यात मात्र तिथेच चमकलं. शोभा नाही म्हणून सुनंदा आज चौथी होती. आणि टूं झालं होतं पाचवीवर.

रावजीभाईंना मी मशीन बंद करून पुन्हा लावायला सांगितलं. त्यांनी आधी उदबत्ती लावली. मग मी रांग नसतानाच बटण दाबत गेले. जाऊ द्या, जाऊ द्या, जाऊ द्या, जाऊ द्या, टूं. बंद केलं, लावलं, पुन्हा तेच. पुढेही प्रत्येक वेळी त्याच क्रमाने.

वाचकांसाठी सांगते, यात भुताटकी काही नाही. संगणक चिठ्ठी उचलत नाही, गणित करतो. एका आकड्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, असे वेडेवाकडे दिसणारे आकडे तो काढत जातो. पण सुरुवातीचा आकडा तोच असेल तर पुढचे सगळे तेच येणार. दर वेळी वेगळ्या आकड्याने सुरुवात करायची, ही एक ओळ मुंबईच्या पार्टीने प्रोग्रॅममध्ये घातलीच नव्हती. मशीन सतत चालू राहिलं असतं तर आकडे पुढे पुढे सरकत गेले असते आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आमच्या रावजीभाईंच्या मायेमुळे ते दर पाळीला नव्याने जन्म घेत होतं.

रांगेचा मागचा भाग रोज वेगळा लागे, त्यामुळे पुढची निवड वेगवेगळ्या बायकांवर पडे. पुढच्या पाचजणी मात्र ठरलेल्या. त्यातही सुनंदाच पाचवी का, हे मी शोभालाच विचारलं.  ती म्हणाली की आम्ही घंटा झाली की उठतो, सुनंदाताई टेबल पुसून, राहिलेले खोके रचून मग येते. कुणी सांगितलेलं नव्हतं. घाण टेबल मागे टाकून यायचं तिला आवडत नसे, म्हणून ती रोज पाचवी असे.

देशमुख साहेबांना मी कागदावर समजावलं असतं तर ते हो हो म्हणाले असते आणि निर्णय तसाच राहिला असता. म्हणून मी त्यांना म्हटलं, आज सुटीच्या वेळी पाच मिनिटं गेटवर या आणि सुनंदाच्या जागी उभे राहा. ते आले. टाय लावलेला माणूस बायकांच्या रांगेत चौघींच्या मागे उभा राहिला. सुनंदाला मी बाजूला उभं केलं होतं. चौघी गेल्या. साहेब पुढे आले, रावजीभाईंनी घाबरत बटण दाबलं.

टूं.

 रावजीभाईंना काही सुचेना, साहेबांची झडती कशी घ्यायची? त्यांनी उठून कडक सलाम ठोकला. साहेबांना हसू आलं, पण ते लगेच गंभीर झाले. मशीन बंद करून पुन्हा सुरू करा म्हणाले. चौघींना परत आत बोलावून पुन्हा रांग लावली. पुन्हा टूं.  एक तारखेचा विषय त्यांनी तिथेच सोडून दिला आणि तसं मला सांगितलं.

सुनंदाला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. सिस्टिममध्ये सुधारणा होणार आहे, अशी नोटीस लागली. चुकलं, असं कुणीतरी तिला म्हणायला हवं होतं, आणि ते मी साहेबांकडून वदवून घेऊ शकले नाही याची रुखरुख मला आजही आहे. तांबं भंगाराच्या गाडीतून जात होतं हे पुढे उघडकीला आलं, पण तोवर कितीतरी माणसांचे डबे उघडून झाले होते.

नवीन व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. गेटवरचा संगणक मी काढून टाकला, रावजीभाई दोन दिवस नाराज होते. रांगेतल्या जागेऐवजी प्रत्येकाच्या पितळी टोकनच्या नंबरावरून निवड करायची ठरली. प्रश्न तोच, सुरुवातीचा आकडा कुठून आणायचा? आधी वाटलं, लोकांनाच विचारावा. रावजीभाई रोज एकवीस सांगत. अकाउंट्सचे प्रमुख एकशेएक. देशमुख साहेब विचार करकरून सदतीस. माझा पाहुण्यांचा खेळ तिथेच सुरू झाला. घड्याळातली वेळ घ्यावी, तर पाळी रोज ठरल्या वेळी सुटते, कुणी हुशार माणूस तीही ओळखेल.

शेवटी मी युनिक्सच्या मशीनकडे वळले. त्यावर एका वेळी पाच-पंचवीस कामं चालू असत. कुणी पगार बघतोय, कुणी स्टॉक, प्रिंटर अडकलाय, डिस्कवर अमुक जागा उरली आहे. त्या क्षणाला मशीनच्या पोटात जे काही चाललं असेल ते सगळं गोळा करायचं, एकत्र घुसळायचं आणि त्यातून आकडा काढायचा. हे सगळं एका ओळीच्या आज्ञेत बसलं. काळ्या पडद्यावर ती ओळ टाइप करायची, एंटर दाबायचा, आणि प्रिंटर त्या पाळीचे नंबर छापून देई. कुणाचा येणार हे मलाही आधी कळत नसे. आजच्या हिशोबाने ते काम कच्चं होतं, आता याहून फार चांगल्या सोयी आहेत. तरी ती एक ओळ लिहिल्याचा अभिमान मला अजून आहे.

लोकांचा विश्वास बसणं बाकी होतं. कामगारांनी विचारलं, तुम्ही आत बसून कुणाचेही नंबर काढाल, आम्हाला काय कळणार? रास्त होतं. मग मी प्रथा पाडली की पाळी सुटायच्या आधी रांगेतल्याच कुणीतरी एकाने वर यायचं आणि एंटर दाबायचा. आळीपाळीने सगळे येऊ लागले. काही जणी बोट आधी साडीला पुसत.

एकदा सुनंदा मला जिन्यात भेटली आणि तिने विचारलं की आता तर तिचा नंबर येणार नाही ना. तिला नाही म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण खोटं बोलून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "येईल. सगळ्यांचा येतो, तसा तुझाही कधीतरी येईल."

ती खाली निघून गेली.

बरेच दिवस तिचा नंबर आला नाही. एकदा एंटर दाबायची पाळी शोभाची होती. तिने दाबला. प्रिंटर खडखडला. कागदावरचे नंबर ती वाचत गेली आणि एका नंबरावर थांबली. तिचा चेहरा उतरला. मी कागद बघितला, तिचा नव्हता, सुनंदाचा होता.

"ताई, माले परत दाबू द्या," ती म्हणाली. "मना हातनं तिना नंबर नको."

पुन्हा एंटर दाबला असता तर दुसरे नंबर आले असते, बघायला खोलीत आम्ही दोघीच होतो. पण आज सुनंदाचा नको म्हणून दाबायचा, तर उद्या कुणाचा तरी हवा म्हणूनही दाबता येईल. मग ते मशीन पुन्हा माणसं ओळखायला लागलं असतं. मी नाही म्हणाले. शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं. कागद रावजीभाईंकडे गेला, आणि ती चपला हातातच घेऊन जिना उतरली.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. रांग सुटली. सुनंदाचा नंबर पुकारला गेला. या वेळी कुणी हसलं नाही. ती हातातला डबा उघडायला लागली, तेवढ्यात शोभा रांगेतून मागे आली. तिने सुनंदाच्या खांद्यावरची पिशवी काढून रावजीभाईंना उघडून दाखवली, मग आपल्या खांद्याला लावली आणि गेटबाहेर गेली.

बाहेर जीप भरत आली होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. शोभा बसली नाही, जीपच्या पुढे जाऊन उभी राहिली, खांद्याला दोन पिशव्या. बाकीच्या तिघी बसल्या होत्या, त्या एकेक करून खाली उतरल्या. ड्रायव्हर हात हलवून काहीतरी ओरडला, त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

पडद्यामागून बाहेर आल्यावर सुनंदा सवयीने राखोलीच्या रस्त्याकडे वळली. दोन पावलं गेल्यावर तिला जीप दिसली.